पारा गेला, ओहम आले: डिजिटल थर्मामीटर तापमान काढतो तरी कसं?

‘पारा चढला’ असं आपण अजून म्हणतो, पण पारा आता फारसा कुठे उरलेला नाही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ साली मिनामाता करार झाला आणि त्यात सामील झालेल्या देशांनी, काही अपवाद सोडून, २०२० नंतर पाऱ्याचे थर्मामीटर बनवायचे नाहीत असं ठरलं. काचेची नळी गेली, तिच्या जागी छोटा पडदा आला.

नळीचं एक बरं होतं. पारा तापायचा, फुगायचा, वर चढायचा, सगळं डोळ्यांसमोर. पडद्यावर ३७.२ उमटतं तेव्हा आत काय घडलं ते कळत नाही. मग दोन थर्मामीटर शेजारी ठेवले आणि एकाने ३६.९ सांगितलं, दुसऱ्याने ३७.४, की खरं कोण हे ठरवायला काहीच हाती नसतं. हौसेने स्वतः सर्किट जोडणाऱ्यांची तर आणखी गंमत होते. मी पहिल्यांदा सेन्सर जोडला तेव्हा पडद्यावर उणे २७३.१५ आलं होतं. म्हणजे विश्वात शक्य असलेली सगळ्यात खालची थंडी, माझ्या टेबलावर! ती तिथे कशी आली, ते शेवटी सांगतो. आधी त्या पडद्यामागचा हिशोब समजून घेऊ.

## तापमान कुणीच मोजत नाही

हे वाक्य चमत्कारिक वाटेल, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. पाऱ्याची नळी तापमान मोजत नव्हती, पाऱ्याच्या दांडीची लांबी मोजत होती. त्या लांबीचे अंश शेजारच्या खुणांनी व्हायचे. डिजिटल थर्मामीटरही तापमान मोजत नाही. त्याच्या टोकाशी एक छोटा तुकडा असतो, ज्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो. रोध म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, आपण बोलताना ज्याला रेझिस्टन्स म्हणतो तो. एकक ओहम. उपकरण या अडथळ्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून अंश काढतं.

त्यातही एक आडवळण आहे. आतल्या चिपला रोधसुद्धा कळत नाही. तिला फक्त व्होल्टेज कळतं. म्हणजे साखळी अशी: तापमानामुळे रोध बदलतो, रोधामुळे व्होल्टेज बदलतं, व्होल्टेजचा चिप एक पूर्णांक करते आणि त्या पूर्णांकावरून आपण उलट्या पावली चालत तापमानापर्यंत पोचतो. चूक शिरायची तर यातल्या प्रत्येक सांध्यात शिरते. दोन थर्मामीटरमधला तो अर्ध्या अंशाचा फरक अशाच कुठल्या तरी सांध्यातला असतो.

## तापलं की रोध बदलतोच का?

तारेतून वीज वाहते म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर. अडचण वाटेची असते. धातू तापला की त्यातले अणू जागच्या जागी जास्त थरथरतात. गर्दीत लोक शांत उभे असतील तर तुम्ही वाट काढत जाऊ शकता. तेच लोक हातवारे करत नाचायला लागले तर धक्के खात जावं लागतं. म्हणून धातू तापला की रोध वाढतो.

अर्धवाहकांत, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये, उलटं. तिथे वाट मोकळी असते पण चालणारेच कमी असतात. उष्णता मिळाली की बांधलेले इलेक्ट्रॉन सुटतात, चालणारे वाढतात आणि रोध घटतो, तोही झपाट्याने. मायकेल फॅरडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हे पाहिलं. तापवल्यावर वीज अधिक सहज वाहते, हे तेव्हाच्या समजुतीच्या विरुद्ध होतं.

या दोन स्वभावांतून दोन प्रकारचे सेन्सर आले. एक धातूचा, मुख्यतः प्लॅटिनमचा. विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये प्लॅटिनमच्या तारेने तापमान मोजण्याची कल्पना मांडली, पण त्यांची बांधणी टिकाऊ ठरली नाही. ह्यू कॅलेंडर यांनी १८८० च्या दशकात ती भरवशाची करून दाखवली. आज कारखान्यांत सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे पीटी १००: पीटी म्हणजे प्लॅटिनम आणि १०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम. १०० अंशाला त्याचा रोध १३८.५१ ओहम होतो. चढ सावकाश, पण जवळपास सरळ रेषेत. प्लॅटिनम इतकं विश्वासू आहे की १९९० सालच्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत सुमारे उणे २५९ पासून ९६१.७८ अंशांपर्यंतचा पट्टा प्लॅटिनमच्या थर्मामीटरवरच बेतलेला आहे.

दुसरा प्रकार थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भाजून घट्ट केलेली गोळी, बहुधा मोहरीच्या दाण्याएवढी. ताप बघायच्या थर्मामीटरच्या टोकात, फोनच्या बॅटरीत, थ्री-डी प्रिंटरच्या तापणाऱ्या तोंडाशी हाच बसलेला असतो. तापला की रोध घटतो म्हणून याला एनटीसी म्हणतात. सगळ्यात जास्त वापरला जाणारा नमुना २५ अंशाला १०,००० ओहमचा. त्याच्याच एका नेहमीच्या जातीचे आकडे बघा: ० अंशाला सुमारे ३३,६०० ओहम, ५० अंशाला ३,५९०, आणि १०० अंशाला जेमतेम ७००. घसरगुंडीच.

## चिपला रोध कळत नाही, मग?

इथे एक साधी युक्ती कामी येते. दोन रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचे सुटे भाग, एकापाठोपाठ जोडले आणि दोन टोकांना ३.३ व्होल्ट दिले, तर ते व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. वाटणी रोधाच्या प्रमाणात: ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला जास्त. दोघे सारखे तर निम्मं-निम्मं. या जोडणीला व्होल्टेज विभाजक म्हणतात.

आता वरचा रेझिस्टर पक्का ठेवा, समजा १०,००० ओहम. खालच्या जागी थर्मिस्टर लावा. दोघांच्या मधल्या जोडातून एक तार चिपला द्या. तापमान बदललं की थर्मिस्टरचा वाटा बदलतो आणि मधल्या तारेवरचं व्होल्टेज हलतं.

चिपमधला जो भाग या व्होल्टेजचा आकडा करतो त्याला एडीसी म्हणतात. ती एक फूटपट्टी समजा. बारा बिटांच्या एडीसीच्या पट्टीवर ० ते ४०९५ अशा ४०९६ खुणा असतात. ० म्हणजे शून्य व्होल्ट, ४०९५ म्हणजे पूर्ण ३.३ व्होल्ट. मिळालेल्या खुणेला मी पुढे ‘कच्चा आकडा’ म्हणेन.

रोध काढायचं सूत्र वाटणीतूनच येतं:

थर्मिस्टरचा रोध = १०,००० × कच्चा आकडा ÷ (४०९५ − कच्चा आकडा)

कच्चा आकडा म्हणजे थर्मिस्टरचा वाटा, आणि एकूणातून तो वजा केला की उरतो पक्क्या रेझिस्टरचा वाटा. वाट्यांचं जे गुणोत्तर तेच रोधांचं. समजा कच्चा आकडा १३६५ आला. ४०९५ मधून वजा केले, २७३० उरले. १३६५ भागिले २७३० म्हणजे अर्धा. थर्मिस्टरचा रोध ५,००० ओहम.

(भागायचं ४०९५ ने की ४०९६ ने, यावर लोक तावातावाने भांडतात. या उदाहरणात त्याने उत्तरात शंभरांश अंशाचाही फरक पडत नाही. भांडायचं असेल तर पुढे याहून चांगली कारणं येणार आहेत.)

सूत्रात एक गोष्ट नाही, ती लक्षात आली का? त्यात ३.३ व्होल्ट कुठेच नाहीत. विभाजकाला जो पुरवठा तोच एडीसीच्या पट्टीचा वरचा टोक-बिंदू असेल, तर पुरवठा ३.३ वरून ३.२ वर घसरला तरी वाटणीही त्याच प्रमाणात घसरते, पट्टीही आखूड होते आणि कच्चा आकडा जागचा हलत नाही. मला ही जोडणी आवडते ती यासाठी. पट्टीचा आधार वेगळा, पक्क्या ३.३ व्होल्टचा घेतला आणि विभाजक मात्र घसरलेल्या ३.२ वर चालवला, तर याच उदाहरणात उत्तर एका अंशाहून जास्त चुकतं. नवशिके ‘अचूक’ आधार म्हणून जास्तीची चिप लावतात आणि घाट्याचा सौदा करतात, तो असा.

## ओहमवरून अंश

पाच हजार ओहम हातात आले. आता थर्मिस्टरची घसरगुंडी उलटी चढायची. घसरगुंडी वक्र आहे, त्यामुळे साधा भागाकार चालत नाही, लॉग (लॉगॅरिदम) लागतो. उत्पादक थर्मिस्टरबरोबर बीटा नावाचा एक आकडा देतात, घसरण किती तीव्र आहे ते सांगणारा. आपल्या उदाहरणात तो ३९५० धरू. सूत्र:

१ ÷ तापमान = १ ÷ २९८.१५ + (१ ÷ ३९५०) × लॉग (रोध ÷ १०,०००)

इथलं तापमान केल्विनमध्ये असतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून. २५ अंशाचे २९८.१५ झाले ते तसेच. केल्विनच का? अणूंची थरथर शून्यापासून मोजायची तर खरं शून्य लागतं. सेल्सिअसचं शून्य हे बर्फाच्या सोयीचं आहे, अणूंच्या नाही.

आकडे घालू. ५,००० भागिले १०,००० म्हणजे ०.५. त्याचा लॉग उणे ०.६९३१. त्याला ३९५० ने भागलं, उणे ०.०००१७५४८. १ भागिले २९८.१५ म्हणजे ०.००३३५४०२. बेरीज ०.००३१७८५४. ती उलटी केली की ३१४.६१ केल्विन. त्यातून २७३.१५ वजा: ४१.४६ अंश सेल्सिअस. झालं.

एक इशारा. इथला लॉग नैसर्गिक लॉग आहे. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं असतात आणि घाईत दहाच्या पायाचं दाबलं जातं. तसं केलं तर वरचंच उत्तर ३१.९ येतं. हे चटकन पकडता येत नाही, कारण ३१.९ हाही अगदी सभ्य दिसणारा आकडा आहे.

## ‘लेबलवर ३९५० लिहिलंय, मग अडचण काय?’

तुमच्या हातातला थर्मिस्टर ३९५० चा नसण्याची शक्यता ही पहिली अडचण. १०,००० ओहमचे थर्मिस्टर दिसायला सारखेच असतात, पण ३४३५ बीटाचेही मुबलक मिळतात. तो लावला आणि सूत्रात ३९५० ठेवला, तर २५ अंशाला काहीच चूक दिसणार नाही! कारण तिथे लॉग शून्य होतो आणि बीटा हिशोबातून निघून जातो. ५,००० ओहमला मात्र खरं तापमान ४४.१ असताना तुम्ही ४१.५ वाचाल. खोलीत तपासलं, बरोबर निघालं, गरम पाण्यात बुडवल्यावर बिघडलं, अशी तक्रार ऐकली की मी आधी बीटा विचारतो.

दुसरी अडचण सूत्रातच आहे. बीटा हा एकच पक्का आकडा नव्हे; तापमानानुसार तो थोडा सरकतो. म्हणून माहितीपत्रकात तो दोन तापमानांच्या जोडीने दिलेला असतो, जसं २५ आणि ५० अंशांमधला किंवा २५ आणि ८५ अंशांमधला. त्या पट्ट्यात तो चांगला चालतो, बाहेर गेलं की चूक वाढत जाते.

यावर १९६८ साली जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅन्ली हार्ट यांनी उपाय सुचवला. बारीक फरक पकडता यावेत म्हणून त्यांनी लॉगबरोबर लॉगचा घनही घेतला:

१ ÷ तापमान = क + ख × लॉग(रोध) + ग × लॉग(रोध) चा घन

क, ख, ग हे तीन आकडे त्या-त्या थर्मिस्टरचे. ते काढायला तीन माहीत असलेल्या तापमानांना रोध मोजायचा आणि तीन समीकरणं सोडवायची. एक बिंदू घरच्या घरी सोपा: ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांचा लगदा, नीट ढवळला की ० अंश. उकळत्या पाण्याला मात्र डोळे मिटून १०० समजू नका. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो.

हे सगळं नेहमी लागतं का? नाही. खोलीचं तापमान अर्ध्या-एक अंशापर्यंत हवं असेल तर बीटा पुरतो. ० ते १०० अंशांचा पूर्ण पट्टा हवा असेल तर स्टाइनहार्ट-हार्ट घ्या, किंवा उत्पादकाचा तक्ता चिपमध्ये साठवून दोन ओळींच्या मधलं उत्तर काढा. छोट्या चिपांवर तक्त्याचाच मार्ग हलका पडतो, कारण लॉग काढायला त्यांना बराच वेळ लागतो.

## सोबतीचा रेझिस्टर १०,००० चाच का?

तो १०,००० चाच हवा असं नाही. यात थोडं डोकं लावलं तर फुकटात अचूकता मिळते.

२५ अंशाजवळ आपल्या थर्मिस्टरचा रोध दर अंशाला सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. सोबतीचा रेझिस्टर १०,००० चा असेल तर एका अंशाला कच्चा आकडा सुमारे ४५ खुणांनी हलतो. छान. तेच सर्किट १०० अंशाला नेलं की थर्मिस्टर ७०० ओहमवर आलेला असतो, वाटणीत त्याचा वाटा जेमतेम साडेसहा टक्के. तिथे एका अंशाला फक्त ७ खुणा मिळतात. सोबतीचा रेझिस्टर बदलून १,००० ओहमचा केला तर १०० अंशाला २८ खुणा मिळतात. चौपट, नुसता एक रेझिस्टर बदलून. नियम असा की ज्या तापमानाची तुम्हाला जास्त काळजी आहे, त्या तापमानाला थर्मिस्टरचा जो रोध असेल त्याच्या आसपासचा सोबती निवडा. दोघं बरोबरीचे असताना वाटणी सगळ्यात जास्त हलते.

सोबतीच्या रेझिस्टरची स्वतःची चूकही उत्तरात उतरते. १ टक्का सूट (टॉलरन्स) असलेला घेतला तर खोलीच्या तापमानाजवळ पाव अंशाच्या आतबाहेर फरक पडतो. ५ टक्क्यांचा घेतला तर अंशाहून जास्त. थर्मिस्टर निवडताना काथ्याकूट करायचा आणि सोबती हाताला येईल तो लावायचा, हे बरेचदा घडतं. मल्टिमीटरने सोबतीचा खरा रोध मोजून तो आकडा सूत्रात घातला की ही चूक बऱ्यापैकी आवरते.

## ताप बघणारा हातच गरम असला तर?

रोध मोजायला करंट सोडावा लागतो आणि करंट गेला की सेन्सर थोडा तापतोच. म्हणजे मोजणारा स्वतःच मोजमाप बिघडवतो. याला स्वतापन म्हणू.

आपल्या ३.३ व्होल्टच्या विभाजकात २५ अंशाला थर्मिस्टरमध्ये ०.२७ मिलिवॉट उष्णता निर्माण होते. स्थिर हवेतल्या छोट्या गोळीला एक अंश तापायला साधारण २ मिलिवॉट लागतात असं धरलं, तर चूक ०.१४ अंश. चालेल. पण १०,००० च्या जागी १,००० ओहमचा थर्मिस्टर, १,००० चाच सोबती आणि ५ व्होल्ट पुरवठा घेतला तर उष्णता ६.२५ मिलिवॉट होते आणि सेन्सर तीन अंश जास्त सांगायला लागतो. वाहत्या हवेत किंवा पाण्यात ही चूक कमी होते, बंद डबीत वाढते. त्यामुळे एकच सेन्सर जागा बदलली की वेगळं बोलतो आणि आपण सूत्रात दोष शोधत बसतो. उपाय सोपा: विभाजकाला सतत पुरवठा देऊ नका. वाचायच्या आधी क्षणभर द्या, वाचा, बंद करा.

## पीटी १०० ला तारा नडतात

आता प्लॅटिनमकडे. त्याचं सूत्र शाळेतल्या वर्गसमीकरणाच्या ओळखीचं आहे:

रोध = १०० × (१ + ०.००३९०८३ × तापमान − ०.०००००५७७५ ÷ १० × तापमानाचा वर्ग)

हे ० अंशाच्या वरचं. खाली गेलं की आणखी एक पद जोडावं लागतं. बरेच जण सरळ ‘रोधातून १०० वजा करा, ०.३८५ ने भागा’ असं करतात. हा आडमार्ग १०० अंशाला जवळपास अचूक उत्तर देतो, पण ५० अंशाला ५०.४ सांगतो आणि २०० अंशाला १९७. वर्गसमीकरण सोडवायला एक वर्गमूळ लागतं, एवढंच. ते सोडवावं.

खरी डोकेदुखी वेगळी आहे. पीटी १०० दर अंशाला जेमतेम ०.३९ ओहम हलतो. १ मिलिअँपिअर करंट सोडला तर दर अंशाला व्होल्टेज ०.३९ मिलिव्होल्ट बदलतं, आणि आपल्या बारा बिटांच्या पट्टीवरची एक खूणच ०.८ मिलिव्होल्टची. म्हणजे एका खुणेत दोन अंश गडप. म्हणून इथे व्होल्टेज आधी वाढवून घ्यावं लागतं किंवा जास्त बारीक पट्टीची एडीसी लागते.

शिवाय तारा. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार मीटरमागे सुमारे ०.०३४ ओहमची असते. सेन्सर १० मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे जवळपास ०.७ ओहम. उपकरणाला ते सेन्सरचेच वाटतात आणि तापमान १.८ अंश जास्त दिसतं. माणसाची उंची बुटासकट मोजल्यासारखं. थर्मिस्टरला हेच ०.७ ओहम जाणवतही नाहीत, कारण तो २५ अंशाजवळ एका अंशाला ४०० हून जास्त ओहम हलतो.

बुटाची उंची वजा करायचे दोन मार्ग आहेत. तीन तारांच्या जोडणीत तिसऱ्या तारेमुळे एका तारेचा रोध कळतो आणि दुसरीचाही तेवढाच आहे असं मानून तो वजा करतात. दोन्ही तारा खरंच सारख्या असतील तरच हे खरं ठरतं. एका जोडावर गंज चढला की बिनसलं. चार तारांच्या जोडणीत दोन तारांतून करंट जातो आणि दुसऱ्या दोन तारांनी थेट सेन्सरच्या टोकांवरचं व्होल्टेज वाचतात. वाचणाऱ्या तारांतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांच्यात व्होल्टेज गळत नाही. बूट काढून उंची मोजली म्हणा. तारा दूरवर न्यायच्या असतील आणि चार परवडत नसतील, तर शून्य अंशाला १,००० ओहमचा पीटी १००० घ्यावा. तारांची तीच चूक दहापट लहान होते.

## ‘एवढं करण्यापेक्षा तयार डिजिटल सेन्सर का नको?’

रास्त प्रश्न. तयार सेन्सरच्या आत हीच साखळी असते, फक्त तिचे हिशोब कारखान्यात झालेले असतात. हवेचं किंवा पेटीतलं तापमान हवं असेल तर जरूर तोच घ्या. पण तो सिलिकॉनची चिप असतो आणि बहुतेक चिपा १२५ अंशांच्या पुढे थकतात. भट्टीत, प्रिंटरच्या तापत्या तोंडाशी किंवा सुईएवढ्या जागेत प्लॅटिनम किंवा थर्मिस्टरच बसतो, आणि मग हिशोब तुमच्या गळ्यात येतो.

‘पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसतात, म्हणजे अचूकता तेवढी’ हा आणखी एक गैरसमज. दशांश चिप कितीही छापेल. पीटी १०० च्या ‘ब’ या अचूकतेच्या वर्गाला १०० अंशाजवळ ०.८ अंश इकडेतिकडे व्हायची प्रमाणित मुभा आहे. त्याच्या पडद्यावरचा १००.०३ हा आकडा ‘शंभरच्या आसपास’ एवढंच सांगतो. मघाचे ३६.९ आणि ३७.४ सांगणारे दोन थर्मामीटर आठवा: दोघांनी एकेक दशांश छापला, म्हणून तो दशांश दोघांनी कमावलेला होता असं नाही.

## आणि ते उणे २७३.१५

माझ्या टेबलावर थर्मिस्टरची एक तार निघाली होती. खालचा वाटेकरीच गेल्यावर सगळं व्होल्टेज मधल्या तारेवर आलं, कच्चा आकडा झाला ४०९५, सूत्राच्या छेदात शून्य आणि रोध अनंत. अनंताचा लॉग अनंत, त्याला उलटं केलं की शून्य केल्विन, त्यातून २७३.१५ वजा. चिपने निमूटपणे हिशोब पुरा केला आणि उत्तर छापलं.

गंमत म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी उत्तर हेच येतं. तेव्हा कच्चा आकडा ० होतो, रोध ०, त्याचा लॉग उणे अनंत, उलटा केला की पुन्हा शून्य. एक बिघाड ‘अतिथंड’ म्हणायला हवा होता, दुसरा ‘अतिगरम’. गणिताने दोघांना एकाच खड्ड्यात टाकलं.

टेबलावर हे हसण्यावारी जातं. पण याच आकड्यावर हिटर चालत असेल तर? तार निघाली, चिपला वाटलं गोठवणारी थंडी, तिने हिटर पूर्ण जोरात चालू केला, आणि सेन्सर निघालेला असल्यामुळे तापतंय हे तिला कधीच कळणार नाही. म्हणून थ्री-डी प्रिंटरांच्या प्रोग्रॅममध्ये किमान तापमानाची अट घातलेली असते: वाचन अशक्य इतकं कमी आलं की थंडी नव्हे, तार तुटली असं समजून हिटर बंद. स्वतः लिहिताना ही तपासणी अंशांवर न करता कच्च्या आकड्यावर करावी, हिशोब सुरू व्हायच्या आधी. २० च्या खाली किंवा ४०७५ च्या वर गेला की पुढचं सूत्र चालवायचंच नाही. या दोन सीमा आपल्या सर्किटला आणि तापमानाच्या पट्ट्याला बघून ठरवायच्या.

आणि तरीही, हिटरच्या वाटेत एक थर्मल फ्यूज जोडून ठेवतात. ठरलेल्या तापमानाला तो वितळतो आणि वीज तोडतो. त्याला लॉगही येत नाही आणि बीटाही.